तारेंतील शब्दसंख्या आणि ‘सी’ भाषा

पूर्वीचें अहमदनगर म्हणजे आतांचें अहिल्यानगर; त्याला लागून भिंगार हें छावणीचें गांव आहे. अशा गांवीं तारेचें महत्त्व केवढें असे, हें सांगावयास नको. एखादी तार चार शब्दांची, तर एखादी वीस शब्दांची. मजकूर किती लांब यावयाचा हें उतरून घेणाऱ्या कारकुनास आधीं ठाऊक नसे. म्हणून तारेच्या माथ्यावर शब्दांची संख्या पाठविण्याचा प्रघात होता. उतरलेले शब्द त्या आंकड्याशीं जुळले म्हणजे तार पुरी आली असें समजावयाचें. भारतांतील तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यांत बंद झाली. परंतु ज्या अडचणीवर हा साधा तोडगा होता, तीच अडचण संगणकाच्या भाषांपुढेंही उभी राहिली. आणि तेथें ती सुटावयास बरींच वर्षें लागलीं.

‘सी’ भाषेंत फंक्शन म्हणजे नेमून दिलेलें एक काम. त्यास लागणारा माल, म्हणजे आर्ग्युमेंट्स, बोलावणारा पुरवितो. दोन संख्यांची बेरीज करावयाची तर दोनच आर्ग्युमेंट्स पुरतात. पण मजकूर छापणाऱ्या ‘प्रिंटएफ’ला कधीं एकच वस्तु छापावयाची असते, कधीं दहा.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन यांनीं ‘सी’च्या आधीं ‘बी’ नांवाची भाषा रचली. तिच्या १९७२ च्या पुस्तिकेंत ‘प्रिंटएफ’ खुद्द ‘बी’ भाषेंतच लिहून दाखविलें आहे. युक्ति अशी: आर्ग्युमेंट्स स्मृतींत एकाशेजारीं एक मांडलेलीं असतात, पहिल्याचा पत्ता घ्यावा आणि एकेक घर पुढें सरकत जावें. ‘बी’मध्यें प्रत्येक वस्तु एकाच मापाची, त्यामुळें पाऊल कधीं चुकत नसे.

डेनिस रिची यांच्या ‘सी’मध्यें वस्तूंना प्रकार आले आणि मापें बदललीं. पीडीपी-११ यंत्रावर पूर्णांकास दोन बाइट लागत, दशांश संख्येच्या ‘डबल’ प्रकारास आठ. आतां पाऊल केवढें टाकावयाचें हें वस्तूच्या प्रकारावर ठरूं लागलें. आर्ग्युमेंट्स किती आलीं हें सांगणारें ‘एनआर्ग्ज’ नांवाचें एक साधन जुन्या युनिक्समध्यें होतें. तें बोलावणाऱ्याच्या यंत्राज्ञा चोरून वाची व त्यांवरून अंदाज बांधी! आज्ञा आणि माल यांची स्मृति वेगळी होतांच त्याचा उपाय खुंटला. त्यापेक्षां संख्या उघड सांगावी, असा सल्ला युनिक्सच्या पुस्तिकेनेंच दिला. तारमास्तर तें केव्हांच करीत होते.

तरीही हाताने पत्ता सरकविण्याची युक्ति पुष्कळ काळ टिकली. महाराष्ट्रांतील कित्येक विद्यार्थ्यांनीं नागपूरच्या यशवंत कानेटकरांचें ‘लेट अस सी’ उशाशीं घेऊन टर्बो सी वर हात बसविला. तेथें सारीं आर्ग्युमेंट्स स्टॅकवर ओळीनें पडत. शेवटच्या नांवाच्या आर्ग्युमेंटचा पत्ता घेऊन त्याच्या मापाइतकें पुढें गेलें कीं पुढचें हातीं लागे. मात्र ‘कॅरॅक्टर’ प्रकार वाटेंत पूर्णांक होतो आणि ‘फ्लोट’चें ‘डबल’ होतें, हें विसरणाऱ्याची फजिती ठरलेली. हा डाव चलाख खरा; पण भाषेनें दिलेलें तें वचन नव्हतें.

नव्या यंत्रांनीं तो उधळला. आर्ग्युमेंट्स स्टॅकऐवजीं रजिस्टरांत जाऊं लागलीं, आणि रजिस्टराला पत्ता नसतो. म्हणून १९८९ च्या अमेरिकन मानकानें ‘स्टडआर्ग’ ही ठरीव सोय दिली: ‘व्हीए-स्टार्ट’नें आरंभ, ‘व्हीए-आर्ग’नें प्रकार सांगून पुढची वस्तु घेणें, ‘व्हीए-एंड’नें शेवट. आंतील यंत्रणा आतां किती गुंतागुंतीची आहे पाहा. चौसष्ट बिटांच्या इंटेल जातीच्या यंत्रावर लिनक्समध्यें सहा पूर्णांक-रजिस्टरें आणि आठ दशांश-रजिस्टरें फंक्शनच्या आरंभींच १७६ बाइटांच्या जागेंत उतरवून ठेवावीं लागतात. कोणतें घेतलें व कोणतें उरलें याचा हिशेब २४ बाइटांच्या एका नोंदींत राहतो. केवळ ‘सी’ भाषेंत हें घरीं रचतां येत नाहीं. त्यास कंपायलरचा हात लागतो.

एवढें होऊनही ‘प्रिंटएफ’ जें ऐकतें तें खरेंच मानतें. छापावयाचा साचा, म्हणजे तारेचा माथा, परक्याच्या हातीं गेला तर तो नसलेलीं आर्ग्युमेंट्स मागूं शकतो. फंक्शन तीं शेजारच्या स्मृतींतून उचलून देतें, आणि एका विशिष्ट खुणेनें तर स्मृतींत लिहितेंही. २००० सालीं फाइलींची देवघेव करणाऱ्या डब्ल्यूयू-एफटीपीडी या प्रसिद्ध कार्यक्रमांत हेंच उघडकीस आलें; दूर बसलेल्या घुसखोरास त्यामुळें संपूर्ण यंत्र ताब्यांत घेतां येई. तेव्हांपासून साचा व आर्ग्युमेंट्स जुळत नसल्यास कंपायलरनें इशारा द्यावा, ही मागणी जोरांत आली.

२०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘सी२३’ मानकानें एकही नांवाचें आर्ग्युमेंट नसलेलें असें फंक्शन लिहिण्यास मुभा दिली. किती आलीं तें सांगण्याची सोय मात्र त्यांतही नाहीं.