ओझरचें पाणी आणि रोजची भाकर

ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं मागील पिढ्यांच्या कष्टांचें स्मरण करितांना नासिक जिल्ह्यांतील ओझर गांवची एक हकीकत वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें. पाण्यावांचून धान्याचें कोठार रितें राहतें आणि शरीरही खंगतें, हें १९७२ च्या दुष्काळानें साऱ्या महाराष्ट्रास शिकविलें.

ओझर हें बाणगंगेच्या कांठचें, निफाड तालुक्यांतील गांव. शेजारच्या दिंडोरी तालुक्यांत वाघाड धरण झालें. पण ओझरचें शिवार पडलें कालव्याच्या शेवटास. वरच्या शेतांचीं पिकें भिजत, आणि ओझरकरांचें आवर्तन बहुधा कागदावरच राही. धरण होतें, चारी होती. पाणी मात्र नव्हतें.

तेव्हां समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांनीं शेतकऱ्यांस एकत्र बसविलें. १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घ्यावें, पाणीपट्टी संस्थेनेंच गोळा करावी आणि वांटणी सभासदांनीं आपसांत करावी, असें ठरलें. ज्याची त्याची पाळी नेमली गेली.

त्याहून शहाणपणाची गोष्ट ही कीं, सारें पाणी पिकांस न देतां कांहीं भाग बाणगंगेवरील बंधाऱ्यांत सोडण्यांत आला. तें जमिनींत मुरून विहिरींस उतरलें. विहीर आटली म्हणजे डबक्याचें पाणी पोटांत जातें आणि मागोमाग हगवण येते. म्हणून विहिरीचें पाणी टिकविणें हें अन्नाचें तसेंच आरोग्याचेंही रक्षण होय. शिवारांत द्राक्षें व भाजीपाला वाढला, तसें मजुरांस गांवींच काम मिळूं लागलें.

पुढें हाच धडा संपूर्ण वाघाड प्रकल्पानें गिरविला. तेथें २४ संस्था झाल्या. २००५ सालीं राज्यानें शेतकऱ्यांकडून सिंचनाचें व्यवस्थापन व्हावें याकरितां कायदाही केला.

तथापि एक उणीव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. या संस्थांचें सभासदत्व जमिनीशीं जोडलेलें आहे. भूमिहीनाच्या वांट्यास मजुरी येते, पाण्याचा हक्क येत नाहीं. कालव्याच्या शेवटास असलेल्या शेतापर्यंत पाणी पोहोंचूं शकतें, हें ओझरनें सिद्ध केलें. पंगतीच्या शेवटास बसलेल्याच्या ताटापर्यंत भाकर पोहोंचविणें, हें काम आपणां सर्वांकरितां अजून उरलें आहे.