गोदी, कंटेनर आणि गुन्ह्याची कथा : ‘द वायर’चे दुसरे पर्व

गुन्हा एखादी व्यक्ती करते आणि तिचे नाव उघड झाले की कथेचे ऋण फिटते, हे गुन्हेकथेच्या रूढ घाटातले गृहीत सहसा तपासले जात नाही. डेव्हिड सायमन यांच्या ‘द वायर’ या बाल्टिमोर शहरावरील मालिकेचे दुसरे पर्व (एचबीओ वाहिनी, जून ते ऑगस्ट २००३, बारा भाग) या गृहीतालाच हात घालते. त्यातील चौदा स्त्रियांच्या मृत्यूंचा उलगडा अखेरीस होतो. परंतु खुनी खलाशी आधीच मारला गेलेला असतो, आणि त्या उलगड्याने बंदरावरचे काहीही बदलत नाही.

सायमन हे ‘बाल्टिमोर सन’ या दैनिकाचे वार्ताहर होते; त्यांचे सहकारी एड बर्न्स हे पोलीस गुप्तचर आणि नंतर शिक्षक. २००२ सालच्या पहिल्या पर्वात पश्चिम बाल्टिमोरमधील अमली पदार्थांचा व्यापार आणि त्यात अडकलेले कृष्णवर्णीय तरुण केंद्रस्थानी होते. दुसरे पर्व एकाएकी गोदीवर, बहुतांशी पोलिश वंशाच्या गोऱ्या कामगारांत गेले, तेव्हा पुष्कळ प्रेक्षक बुचकळ्यात पडले. वस्तुतः हा आधीच्याच कथेचा मागचा भाग होता : शहरात कष्टाचे काम उरले नाही म्हणजे दुसऱ्या बाजाराला माणसे कोठून मिळतात, ते येथे दिसते.

या कथेचे खरे ऐतिहासिक द्रव्य एका लोखंडी पेटीत आहे. १९५६ साली ‘आयडियल एक्स’ या जहाजावरून ५८ कंटेनर नेवार्कहून ह्यूस्टनला गेले, आणि टोळ्यांनी पाठीवर माल उतरवण्याच्या व्यवसायाचा अंत सुरू झाला. बाल्टिमोरला दुसरा घाव पोलादउद्योगाच्या ऱ्हासाने बसला. बेथलेहेम स्टील २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. पर्वाच्या आरंभी मॅकनल्टी हा गस्ती नौकेवर बदली झालेला पोलीस पाण्यातून बंद कारखाने पाहत जातो, आणि आपले वडील तिथल्याच जहाजबांधणीच्या आवारात कामाला होते असे जाता जाता सांगतो. इतिहासाचे व्याख्यान एवढेच.

युनियनचा पदाधिकारी फ्रँक सोबोत्का तस्करांचे कंटेनर नोंदीतून गायब करतो. त्या पैशातून तो घर बांधत नाही. कालव्याचा गाळ काढावा आणि धान्याचा जुना धक्का पुन्हा चालू व्हावा, यासाठी राजकारण्यांचे खिसे भरतो. म्हणजे हा गुन्हा भविष्यकाळ विकत घेण्याचा प्रयत्न आहे, आणि ज्या भूतकाळासाठी तो चालला आहे तो परत येणार नाही हे प्रेक्षकाला फ्रँकच्या आधी कळते. रॉटरडॅमच्या यांत्रिक बंदराची चित्रफीत पाहताना त्याचा चेहरा त्याला जे कळू लागले आहे ते बोलून दाखवतो.

तपासाची उगमस्थाने पाहावीत. व्हॅल्चेक हा पोलीस अधिकारी युनियनच्या मागे लागतो तो चर्चमधील रंगीत काचेच्या खिडकीवरून झालेल्या मानापमानामुळे. मृत स्त्रियांची प्रकरणे शहर पोलिसांच्या गळ्यात येतात ती मॅकनल्टीने वरिष्ठावर सूड म्हणून भरती-ओहोटीचे गणित मांडल्यामुळे. न्यायबुद्धी दोन्हीकडे उशिरा येते. आणि जो तस्कर केवळ ‘ग्रीक’ म्हणून ओळखला जातो, त्याला सावध करतो तो केंद्रीय तपासयंत्रणेतलाच अधिकारी. दहशतवादविरोधी माहितीसाठी तो उपयोगी असतो. फ्रँक मात्र पाण्यात तरंगताना सापडतो.

या शोकात्मिकेचे गुणगान पुष्कळ झाले आहे. तिच्यातील दोन आंधळ्या जागा त्यामुळे झाकल्या जाऊ नयेत. पहिली जागा वर्णाची. बाल्टिमोरच्या गोदीवर गोऱ्या आणि काळ्या कामगारांच्या वेगळ्या शाखा होत्या, आणि त्यांचे एकत्रीकरण १९७०च्या दशकात न्यायालयाच्या दबावाने झाले. मालिकेत त्याची खूण एवढीच, की पदे आळीपाळीने वाटली जातात आणि आपली पाळी संपत आली तरी फ्रँक खुर्ची सोडायला नाखूश असतो. हरवलेल्या सुबत्तेचा दरवाजा पूर्वी कोणासाठी बंद होता, हा प्रश्न तेथेच थबकतो.

दुसरी जागा अधिक अडचणीची. तेरा स्त्रिया कंटेनरची हवेची नळी चेपल्याने गुदमरून मरतात. चौदावी पाण्यात सापडते. तिचे नाव शोधण्याचा मॅकनल्टीचा प्रयत्न फसतो. त्यांना मालासारखे वागवणाऱ्या व्यवस्थेवर मालिकेचा रोष आहे. परंतु तिच्या कथनातही या स्त्रियांना बोलायला जवळपास जागा नाही. कामगाराच्या मरणाला वंश, चर्च, दारूचा गुत्ता, पुतण्या, मुलगा असा सगळा गोतावळा मिळतो. त्यांच्या वाट्याला शवागारातल्या खणांची रांग येते. हे मौन हेतुपूर्वक आहे असे समर्थन करता येते, आणि काही अंशी ते पटतेही. पण मौन दाखवणे आणि मौन राखणे यांतला फरक संहितेने कुठेतरी नोंदवावा लागतो. बंदर पोलिसांतील बीडी रसेल ही स्त्री, जिला ती प्रेते प्रथम दिसतात, तिच्या निमित्ताने ते शक्य होते. कथा तिला पुरुषांच्या तपासात सामावून घेते.

शेवटच्या दृश्यमालिकेत धान्याच्या धक्क्याच्या जागी निवासी इमारती येणार हे ठरलेले असते. पावसात फ्रँकचा पुतण्या निक कुंपणाच्या जाळीला धरून उभा राहतो, आणि त्याच ओघात पुन्हा काही स्त्रिया या देशात उतरवल्या जात असल्याचे दिसते. कॅमेरा निककडे परततो आणि तिथे रेंगाळतो.