'किरकोळ' या सदराखाली

आर्थिक इतिहास लिहायचा म्हटला की आपल्याकडची साधने ठरलेली असतात. पेशवे दफ्तरातले रुमाल, जमाबंदीची कागदपत्रे, गिरण्यांचे ताळेबंद, सरकारी चौकश्यांचे अहवाल. राज्याचा पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे त्यांवरून चांगले कळते. पण पगार म्हणून, मजुरी म्हणून जो पैसा घरी आला, तो महिनाअखेरपर्यंत कसा पुरला याची नोंद ज्या कागदांवर आहे, ते कागद कुठल्याच दफ्तरखान्यात नसतात. ते किलोच्या भावाने रद्दीत जातात.

मी इतिहासाची पदवी घेतलेली नाही. लहान दुकानदारांच्या खातेवह्या लिहून देणे हे माझे गेल्या तीस वर्षांचे पोटाचे काम. त्यामुळे कोणाचीही खर्चाची वही हाती आली की आधी बेरीज तपासण्याची खोड मला लागली आहे. रद्दीच्या दुकानांतून, पाडायला काढलेल्या वाड्यांतून, ओळखीच्यांच्या माळ्यांवरून अशा घरखर्चाच्या सदतीस वह्या माझ्याकडे जमल्या आहेत. सर्वांत जुनी १९३८ची, सर्वांत अलीकडची १९८६ची. काही चांगल्या बांधणीच्या आहेत; बहुतेक मात्र मुलांच्या शाळेच्या वह्यांची उरलेली पाने शिवून केलेल्या.

या वह्या घरातल्या बाईने लिहिल्या आहेत, हे ओळखायला हस्ताक्षर पाहावे लागत नाही. जमेच्या बाजूला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नोंद असते, 'यांच्याकडून', आणि पुढे रक्कम. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही ही रीत हिशेबाच्या वहीतही पाळलेली. खर्चाच्या बाजूला वाणी, दूध, भाजी, रॉकेल, दळण, मोलकरीण, शाळेची फी, इस्त्री, पाहुणे अशी सदरे. आणि सर्वांत शेवटी 'किरकोळ'.

घरखर्च लिहून ठेवावा ही शिकवण मराठी स्त्रीला तशी अलीकडचीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रीशिक्षणाचा वाद पेटला, तेव्हा शिकलेली बाई घर अधिक नीट चालवेल हा सुधारकांचा एक हुकमी मुद्दा होता. पंडिता रमाबाईंच्या १८८२च्या 'स्त्री धर्म नीति'मध्ये घरकामाला वेगळे प्रकरण आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचा 'गृहिणी-मित्र' १९१०चा. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा गृहव्यवस्थेला अभ्यासक्रमात जागा मिळाली. १९३० साली किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक सुरू झाले. काटकसर हा तोवर घरंदाज बाईचा स्वभावगुण मानला जाई. आता ती शिकण्याची विद्या ठरली.

पण विद्या आधीपासून होतीच, ती फक्त कागदावर नव्हती. गवळ्याच्या रतिबासाठी भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढणे हा हिशेबच होता. पायलीच्या दोन अधोल्या, अधोलीचे दोन शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी ही उतरंड निरक्षर बाईलाही तोंडपाठ असे. मूठ तिची स्वतःची असे आणि तिच्या मुठीचे किती तांदूळ किती माणसांना पुरतात हे तिला ठाऊक असे. माझ्याकडच्या वह्या बहुतेक पगारदार, पांढरपेशा घरांतल्या आहेत. ज्यांनी वह्या लिहिल्या नाहीत त्यांचा हिशेब दुसऱ्या कागदांत शोधावा लागतो.

असा एक कागद म्हणजे मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२मध्ये केलेली कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी. तिचा अहवाल फिंडले शिरस यांनी १९२३मध्ये प्रसिद्ध केला. कुटुंबाच्या खर्चातला निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जात होता. जवळपास निम्मी कुटुंबे कर्जात होती आणि सावकाराचा नेहमीचा दर होता रुपयाला महिना एक आणा. वर्षाचा हिशेब केला तर शेकडा ७५! अहवालातले सर्वांत बोचरे वाक्य धान्याबद्दलचे आहे. कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळी कामांवरच्या शिध्याइतके भरत होते, पण तुरुंगातल्या कैद्याला नियमाने मिळणाऱ्या धान्याहून कमी होते.

अहवालाने धान्य मोजले, भाडे मोजले, कर्ज मोजले. एवढ्या पैशांत महिना काढला कोणी, याचा रकाना त्यात नव्हता. गिरणगावात हे काम कसे चाले याचा एक पुरावा खानावळीत सापडतो. गावी कुटुंब ठेवून आलेले कामगार लालबाग-परळच्या चाळींतल्या बायकांकडे महिन्याच्या बोलीने जेवत. पैसे मिळणार गिरणीचा पगार झाल्यावर. तोवर धान्य वाण्याकडून उधार. खानावळवाली मधल्या मधे तीस दिवसांची उधारी पेलत असे, ती गळ्यातले गहाण ठेवून किंवा सावकाराच्या व्याजाने. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेले, तेव्हा बँकेच्या दप्तरात त्यांची नोंद झाली. तोपर्यंत त्या 'घरीच असतात' एवढीच त्यांची ओळख.

दुसऱ्या महायुद्धात सरकार थेट स्वयंपाकघरात आले. मे १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. माझ्याकडच्या १९४४च्या एका वहीत पैशांच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आखलेला आहे: 'रांग'. त्यात तास लिहिले आहेत. दोन तास, अडीच तास, एका शनिवारी 'फुकट गेले'. पैशाइतकाच वेळही खर्च होतो हे त्या बाईने कोणी न सांगता ओळखले आणि त्याचा हिशेब ठेवला. तिची वही वाचताना मला वाटते की अर्थशास्त्राचा एक धडा तिने स्वतःच्या बळावर लिहून काढला होता.

खरी परीक्षा आली १९५७ ते १९६२ या पाच वर्षांत. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी ही पाठांतरे याच व्यवहारासाठी होती. चार, आठ, सोळा यांचे भाग पाडण्यात ती वाकबगार. आता रुपयाचे शंभर भाग झाले आणि आणा बसला सव्वासहा नव्या पैशांवर. सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६, दोनचे १२, तीनचे १९, चारचे २५ नवे पैसे ठरले. कोष्टक बरोबर होते. पण बाजार कोष्टकाने चालत नाही. आण्याच्या वस्तूला दुकानदाराने सात पैसे मागितले तर काय? फरक पाऊण पैशाचा. रोज घेतली जाणारी वस्तू असेल तर महिन्याला साडेबावीस पैसे, म्हणजे जुन्या हिशेबाने साडेतीन आण्यांहून अधिक.

त्यात ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलो आला. ऐंशी तोळ्यांचा शेर साधारण ९३३ ग्रॅमचा. म्हणजे किलो त्याहून सात टक्क्यांनी मोठा. समजा डाळ शेराला चौदा आणे होती. तर किलोला ९४ नवे पैसे हा तोच भाव झाला. वाण्याने सरळ रुपया लावला तर सहा पैसे वरचे गेले. नाणे बदललेले, वजनही बदललेले. दोन्ही एकदम पकडून भाव वाढला की नाही हे ठरवायचे, तेही दुकानाच्या फळीसमोर, मागे गिऱ्हाइके उभी असताना. १९५९च्या एका वहीत प्रत्येक नोंद दोनदा लिहिली आहे. आधी शेर-आणे, मग किलो-नवे पैसे, आणि शेजारी बारीक अक्षरात 'बरोबर' किंवा 'जास्त'. सलग चौदा महिने. नंतर जुना रकाना बंद होतो. त्या चौदा महिन्यांत दशमान पद्धत एका घरात रुजली. हे काम लाखो घरांत झाले असणार. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र दशमान पद्धती 'सुरू झाली' एवढेच लिहिलेले असते.

स्वयंपाकघराने या गोंधळावर स्वतःचा तोडगा काढला, तोही लक्षात घेण्यासारखा. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७०मध्ये निघाले. त्यात प्रमाणे दिली आहेत ती वाटी-चमच्याची. शेर गेला, किलो आला, वाटी तिथेच राहिली.

१९७२च्या दुष्काळात हा हिशेब रस्त्यावर आला. रेशनवर मिलो, गावोगावच्या कामांवर सुकडी, आणि शहरात तेल-रॉकेलची चणचण. मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, प्रमिला दंडवते, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा समाजवादी आणि कम्युनिस्ट पक्षांतल्या बायका एका मंचावर आल्या आणि त्यांच्यामागे, एरवी सभेला न जाणाऱ्या हजारो गृहिणी. लाटणे घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या. या चळवळीची छायाचित्रे पाहताना लाटण्यांकडे लक्ष जाते. मला वाटते, त्या बायकांचे खरे बळ लाटण्यात नव्हते. गेल्या महिन्यात तेल काय भावाने होते आणि या महिन्यात काय भावाने आहे, हे त्यांच्यापैकी प्रत्येकीला मंत्र्यांपेक्षा नेमके माहीत होते.

१९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि तिने या माहितीला वेगळे वळण दिले. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, प्रत्येकीने महिन्याची यादी द्यायची, सगळ्यांचा माल एकदम घाऊक भावाने आणून वाटून घ्यायचा. ही व्यवस्था मुख्यतः गृहिणींनी चालवली. घरातली वाणसामानाची यादी ही इथे संघटनेचे साधन झाली.

तरीही सरकारी मोजणीत ही बाई कुठे बसते? राष्ट्रीय नमुना पाहणीत ती संकेतांक ९२ किंवा ९३ : 'फक्त घरकाम', किंवा घरकामासोबत घरच्यापुरते शिवणटिपण, सरपण गोळा करणे वगैरे. श्रमशक्तीत तिची गणना नाही. तिची किंमत ठरवायची वेळ आली ती न्यायालयांत, बहुधा तिच्या मृत्यूनंतर. मोटार वाहन कायद्याला १९९४मध्ये जोडलेल्या परिशिष्टात न मिळवत्या जोडीदाराचे उत्पन्न मिळवत्या जोडीदाराच्या एक-तृतीयांश धरले गेले. जमशेदपूरच्या १९८९च्या आगीच्या प्रकरणात, लता वाधवा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. जानेवारी २०२१मध्ये कीर्ती खटल्यात त्याच न्यायालयाने २०१९च्या वेळ-वापर पाहणीचा दाखला दिला : बिनमोबदला घरकामात बाईची रोज सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषाची ९७. १९४४च्या वहीतला 'रांग'चा रकाना सरकारी कागदावर यायला पंचाहत्तर वर्षे लागली.

आता 'किरकोळ'कडे येते. सदतीस वह्यांपैकी एकाही वहीत लिहिणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नावाचे सदर नाही. मुलांचे आहे, 'यांचे' आहे, सासूबाईंच्या औषधाचे आहे. तिचे जे काही होते ते 'किरकोळ'मध्ये. हिशेबनिसाच्या सवयीने मी या सदराची महिनेवार आकडेमोड केली. १९६४ ते १९६८च्या एका वहीत 'किरकोळ'मध्ये दर महिन्याच्या दहा तारखेला नेमके पाच रुपये आहेत. किरकोळ खर्च कधी इतका नेमका नसतो. उलगडा जमेच्या बाजूला होतो. वर्षातून एकदा तिथे साठ रुपयांची नोंद येते, पुढे एकच अक्षर, 'भि'. बारा बायकांची भिशी. १९६५च्या साठ रुपयांपुढे लगेच स्टीलची भांडी आहेत, १९६६च्या रकमेपुढे मुलीची परीक्षेची फी. १९६७च्या रकमेपुढे कुठलाही खर्च नाही. ती पुढच्या पानावर शिल्लक म्हणून येते, त्याच्या पुढच्याही, आणि वही संपेपर्यंत तशीच राहते.

घरातल्या कोणी ही वही तपासली असती तरी त्याला यात काही वावगे दिसले नसते. बेरीज पैशाला पैसा जुळते. तिने खोटे काही लिहिले नाही. फक्त स्वतःचे जे होते ते अशा सदरात ठेवले, जिथे कोणी थांबून पाहत नाही. आपल्या आर्थिक इतिहासानेही नेमके हेच केले आहे. घर चालवणाऱ्या बाईचे काम त्याने नाकारले नाही, किरकोळमध्ये टाकले.

या दिवाळीच्या साफसफाईत अनेक घरांत माळे रिकामे होतील. जुन्या चांदीची, देवांच्या मूर्तींची काळजी आपण घेतोच. आई-आजीची खर्चाची वही सापडली तर ती रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. वाण्याचे आकडे नंतर वाचा, आधी 'किरकोळ' वाचा. आणि मग ती वही गावातल्या जुन्या वाचनालयाला किंवा एखाद्या इतिहास मंडळाला द्या, वर्ष आणि गाव लिहून. नाव द्यायचे नसेल तर देऊ नका. तिनेही दिलेले नाही.