कृष्णाकाठच्या जुन्या यंत्रांचे आयुष्य

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शेतीयंत्रांचा इतिहास बहुधा कारखाने कोणी आणि केव्हा काढले या अंगाने लिहिला गेला आहे. ती यंत्रे गोठ्यात, विहिरीवर आणि गुऱ्हाळात एकेका पिढीला पुरून कशी उरली, याची चौकशी त्यामानाने थोडीच झाली. या टिकाऊपणाचे श्रेय सहसा लोखंडाच्या जाडीला दिले जाते आणि ते काही अंशी खरेही आहे. तरीही झिजलेला भाग कोण, कोठे आणि कशाच्या मोबदल्यात बदलून देणार, या व्यवस्थेवर यंत्राचे आयुष्य अधिक अवलंबून राहिले, असे या भागाच्या अनुभवावरून म्हणावे लागते. येथे ‘हा भाग’ म्हणजे इंग्रजी अमदानीतला सातारा जिल्हा आणि त्याच्या पोटात विखुरलेली औंध, सांगली, मिरज यांसारखी संस्थाने, कारण आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि त्याला सध्याचे नाव १९६० साली मिळाले.

लोखंडी नांगर येण्यापूर्वीचा लाकडी नांगर आजच्या अर्थाने टिकाऊ नव्हता. त्याचे खोड फुटे, इसाड म्हणजे जुवापर्यंत जाणारी लांब दांडी मोडे, आणि फाळाचे टोक तर दर हंगामात बोथट होई. पण सुतार आणि लोहार हे दोघेही बलुतेदार असल्यामुळे, म्हणजे सुगीच्या वेळी मिळणाऱ्या धान्याच्या वाट्यावर वर्षभर काम करण्यास बांधलेले असल्यामुळे, शेतकऱ्याला दुरुस्तीसाठी रोख पैसा मोजावा लागत नसे. एक-एक भाग बदलत तोच नांगर वर्षानुवर्षे चाले. त्याची खरी उणीव वेगळी होती. कृष्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी ही खोल मुळांची तणे माजत, आणि ती उपटून काढण्याइतका खोल तास घ्यायचा तर लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. एवढी जनावरे एका घरी क्वचितच असत, म्हणून पैरा किंवा वारंगुळा, म्हणजे एकमेकांचे बैल पाळीपाळीने वापरण्याची रीत, हाच तोडगा होता. ज्याचा पैरा जमला नाही त्याचे रान पडीक राहण्याची धास्ती असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने इंग्लंडमधील इप्सविच येथील रॅन्सम्स कंपनीचे लोखंडी नांगर दख्खनमध्ये आणून त्यांचा प्रसार सुरू केला. त्याच सुमारास बेळगावात लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे गृहस्थ, ज्यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत अध्यापन केले होते आणि बेळगावात सायकलींचे दुकान चालवले होते, कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवू लागले होते. बेळगावातील जागा सोडण्याची पाळी आल्यावर औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्थानकालगतचा निवडुंग माजलेला माळ देऊ केला, आणि १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. लोखंडाने जमीन नासते, तिला विष बाधते, अशी समजूत त्या काळच्या शेतकऱ्यांत होती आणि सुरुवातीचे नांगर त्यामुळे खपता खपेनात, ही हकिकत किर्लोस्करांच्या चरित्रात नेहमी येते. तिच्याकडे केवळ अडाणीपणा म्हणून पाहणे मात्र घाईचे ठरेल. ज्या अवजाराची दुरुस्ती गावात होत नाही आणि जे मोडले तर ऐन नांगरटीत हातावर हात धरून बसावे लागेल, त्याविषयी शंका घेणाऱ्या माणसाला आपला हिशेब चांगलाच कळत होता.

या शंकेचे मूळ धातूतच होते. लाकडी नांगराचा फाळ घडीव लोखंडाचा असे. लोहार तो भट्टीत लाल करून ठोके देऊन पाजवी आणि गरज पडल्यास पुढे नवा तुकडा जोडी. नव्या नांगराचा फाळ बिडाचा, म्हणजे भट्टीत वितळवून वाळूच्या साच्यात ओतलेल्या लोखंडाचा होता. बिडात कार्बनचे प्रमाण साधारण तीन-चार टक्के असल्याने ते कठीण होते आणि मातीच्या घर्षणाने हळूहळू झिजते, पण त्याच कारणाने ते ठिसूळही असते. घणाचा ठोका बसला की वाकण्याऐवजी फुटते, आणि दगडावर आदळलेला फाळ गावच्या लोहाराला सांधता येत नाही. तेव्हा बिडाचा नांगर विकायचा तर त्याबरोबर बदलीचे फाळही विकणे भाग होते. एकाच नमुन्यावरून ओतलेले फाळ आकाराने सारखे येत आणि त्यांची बोल्टची भोके एकमेकांशी जुळत, म्हणून बाजाराच्या दिवशी आणलेला नवा फाळ शेतकरी स्वतःच, एका पान्याच्या मदतीने, बांधावर बसून चढवू शके. दुरुस्ती अशा रीतीने बलुत्यातून सुटली आणि दुकानाच्या फळीवर आली. लोहाराचे काय झाले, हा स्वतंत्र विषय आहे. त्याचे बलुते आटण्यास नांगराचा फाळ हे एकच कारण नव्हते, पण ते एक कारण होते.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येण्यास अडथळे आले आणि देशी नांगराला मोकळीक मिळाली, जरी कारखान्याला लागणारे कच्चे लोखंड आणि कोळसाही त्याच काळात दुर्मीळ झाला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. मालाची माहिती देण्यासाठी निघालेल्या या पत्राचे पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक झाले. नांगराच्या कारखान्याने वाङ्मयाची अशी सेवा केल्याचे उदाहरण इतरत्र सहसा सापडत नाही. १९२२ च्या सुमारास धनजीशहा कूपर यांनी सातारा रोड येथे कारखाना उभारला आणि तेथेही लोखंडी नांगर तयार होऊ लागले. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. दोन्ही कारखाने पुणे–मिरज लोहमार्गावर, आणि दोन्ही ठिकाणी स्थानकाच्या नावात ‘रोड’ हा शब्द होता, याचा अर्थ ज्या गावाचे नाव स्थानकाने घेतले ते गाव रुळांपासून लांब होते. कारखान्यांना अशीच जागा सोयीची पडली, कारण कोळसा आणि कच्चे लोखंड वाघिणीतून दारात येई आणि भोवती माळ मोकळा असे.

नांगरानंतर आले ते तेलाचे इंजिन. सातारा रोडच्या कारखान्याने डिझेल इंजिनाची निर्मिती स्वातंत्र्यापूर्वीच हाती घेतली आणि किर्लोस्करांनी त्यासाठी १९४६ साली पुण्यात वेगळी कंपनी काढली. विहिरीवरची मोट, म्हणजे बैलांनी ओढायची चामड्याची पखाल, या इंजिनांनी हटवली. त्यांतील जुन्या धाटणीची, मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे घेणारी, जड चाकांची इंजिने आजच्या मानाने मंद आणि बोजड वाटतात. पण दट्ट्या (पिस्टन) कमी वेळा वरखाली झाल्याने झीज कमी होते आणि जड चाक ओझ्याचा धक्का पचवते, हा त्या मंदपणाचा लाभ होता. शिवाय ज्या नळीत दट्ट्या फिरतो तिला आतून एक स्वतंत्र अस्तर असे, ज्याला मिस्त्री ‘लायनर’ म्हणतात. इंजिन धूर ओकू लागले आणि ताकद पडली की मिस्त्री वरचे झाकण उतरवी, दट्ट्या खेचून काढी, झिजलेले लायनर ठोकून बाहेर घेई आणि नवे लायनर, नवा दट्ट्या, नव्या रिंगा बसवून तेच धूड पुन्हा चालू करून देई. बाहेरचे ओतीव अंग तसेच राही. असे भाग बनवणाऱ्या ओतशाळा आणि लेथची दुकाने सांगली, मिरज, कराड आणि विशेषतः शेजारच्या कोल्हापुरात वाढली, आणि मूळ कारखान्याचा भाग महाग वाटला तर त्यांचा घेता येई. कोयनेची वीज १९६० नंतरच्या दशकात गावोगाव पोचू लागल्यावर विहिरींवरची बरीच इंजिने मोकळी झाली, पण ती मोडीत गेली असे झाले नाही. उसाचा चरक आणि पिठाची गिरणी फिरवण्याचे काम त्यांना पुढेही पुरले.

ट्रॅक्टरच्या बाबतीत दुरुस्तीच्या सोयीची हीच परीक्षा निराळ्या मापाने झाली. बागेत चालणारा लहान ट्रॅक्टर अमेरिकेत रूढ होता; इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीने १९६१ साली ‘कब कॅडेट’ नावाचा असा ट्रॅक्टर बंगल्यांच्या आवारासाठी काढला होता, आणि तिच्याच सहकार्याने १९६३ पासून मुंबईत महिंद्रांचे बी-२७५ हे शेतीचे मोठे ट्रॅक्टर बनू लागले. बंगल्याच्या हिरवळीसाठी ट्रॅक्टर घेण्याचा प्रश्न सातारा-सांगलीत उद्भवण्याचे कारण नव्हते. लहान यंत्राची गरज येथे द्राक्षांमुळे निर्माण झाली. तासगाव भागात ‘थॉम्सन सीडलेस’मधून निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही जात रुजली, मांडवाच्या बागा पसरल्या, आणि वेलीखालून, दोन ओळींमधून जाईल असे बुटके, अरुंद वाहन हवे झाले. आधी बंगळूरच्या व्ही.एस.टी. कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने काढलेला पॉवर टिलर, म्हणजे मागून चालत हाकायचे दुचाकी नांगरयंत्र, आणि पुढे त्याच कंपनीचा व इतरांचा छोटा चारचाकी ट्रॅक्टर या बागांत शिरला. नांगरटीपेक्षाही औषधफवारणीचा ब्लोअर ओढणे हे त्याचे मुख्य काम झाले, आणि छाटणीपासून काढणीपर्यंत फवारणी चुकवून चालत नसल्याने हंगामात तो एक दिवस बंद पडणेही बागायतदाराला परवडत नाही.

म्हणूनच जुन्या यंत्राला आजही गिऱ्हाईक मिळते, आणि त्यात हौसेचा भाग असला तरी व्यवहाराचा वाटा मोठा आहे: ज्याची रचना गावच्या मिस्त्रीला पाठ आहे आणि ज्याचे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात, ते यंत्र वयाने मोठे असले तरी जोखमीने लहान असते. एच.एम.टी. या सरकारी कंपनीने झेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरच्या सहकार्याने १९७१ पासून ट्रॅक्टर बनवले, आणि २०१६ साली केंद्र सरकारने तिचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. तरीही ते ट्रॅक्टर लगेच रस्त्यावरून नाहीसे झाले नाहीत, कारण त्यांचे लायनर, क्लचप्लेट आणि गिअर बनवणारे वेगळे होते आणि त्यांनी आपले काम चालू ठेवले.