टाकण्यासाठी घडवलेली टाकी

वाङ्मयप्रकार कसे जन्माला येतात, या प्रश्नाची चर्चा आपण बहुधा ग्रंथांच्याच आधारे करतो. आम्ही ती येथे एका आडवाटेने नेऊ इच्छितो. ही वाट कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील कोरड्या सरोवरांकडे जाते. 1930 च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरातील तरुण तेथे वेगाच्या चाचण्यांसाठी जमत. भंगारातून आणलेली चासी, मडगार्ड काढून हलकी केलेली जुनी फोर्ड आणि घरच्या गॅरेजात सुधारलेले इंजिन एवढेच त्यांचे भांडवल होते. सिलिंडर हेडचा पृष्ठभाग तासला की ज्वलनकक्ष लहान होतो आणि मिश्रण अधिक दाबले जाते. एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसवले की इंजिनाला श्वास मोकळा मिळतो. ही विद्या शाळेत नव्हती, हातांत होती. 1937 मध्ये अशा तरुणांच्या क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली.

पण इंजिनाला मर्यादा होती. वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजायला आठपट ताकद लागते. तेव्हा प्रश्न आकाराचा होता, आणि त्याचे उत्तर युद्धाने आणले. तटरक्षक दलात असलेल्या बिल बर्क यांनी दक्षिण पॅसिफिकमध्ये लढाऊ विमानांना बाहेरून जोडायच्या इंधनटाक्या पाहिल्या. विमानाला दूरवर पोहोचवायचे आणि रिकामी होताच हवेतच गळून पडायचे, हे या टाकीचे काम. ती जन्मतःच टाकाऊ होती. तरीही तिचा थेंबासारखा आकार काटेकोर गणितातून आलेला होता. 1946 मध्ये बर्क यांनी पी-51 विमानाच्या टाकीत इंजिन बसवले. ती अरुंद पडली, म्हणून पुढे त्यांनी पी-38 ची सुमारे 315 गॅलनची टाकी घेतली आणि इंजिन चालकाच्या मागे नेले.

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा आपला शब्दप्रयोग येथे अपुरा पडतो, कारण त्यात काटकसर आहे आणि येथे आहे ती निव्वळ हौस. क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी 1962 मध्ये हाताशी असेल त्यातून रचणारा कारागीर आणि योजना आखून घडवणारा अभियंता असा भेद मांडला. बर्क यांची गाडी हा भेद अवघड करते. अभियंत्याचे गणित त्या भंगारात आधीच मुरलेले होते. कारागिराने ते ओळखले आणि मूळ कर्त्याच्या मनात नसलेला अर्थ त्यातून काढला. आम्हाला हे वाचनच वाटते. मात्र या वाचनाने टाकीचा पूर्वेतिहास धुऊन निघत नाही. ती स्वस्तात मिळाली, कारण तिची किंमत युद्धाने आधीच चुकती केली होती.

त्याच 1946 साली व्हिक एडेलब्रॉक यांनी इंजिनाच्या सुट्या भागांचा कॅटलॉग काढला. काही वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या गाडीसाठी मॅनिफोल्ड घडवला होता. आता तो कोणालाही विकत घेता येऊ लागला. बर्क यांच्या टाकीचेही अनुकरण झाले. 1952 मध्ये ॲलेक्स झिडियास यांच्या सो-कॅल स्पीड शॉपच्या टाकीगाडीने ताशी 198 मैलांचा वेग गाठला. अशा गाड्यांचा ‘लेकस्टर’ नावाचा स्वतंत्र वर्ग झाला आणि तो आजही आहे. त्याची मुख्य अट अशी, की चाके उघडी असली पाहिजेत.

या अटीपाशी आम्हाला थांबावेसे वाटते. टाकीच्या पोटात चाके मावत नव्हती, म्हणून ती बाहेर राहिली. एका सामग्रीची अडचण पुढच्या पिढ्यांसाठी लक्षण ठरली, आणि ज्यांनी ती टाकी कधी पाहिलीही नाही, तेही ते पाळतात. विक्रमाच्या वहीत नाव आणि आकडा राहतो. पत्रा कुठे कापावा याचा निर्णय मात्र नोंदला जात नाही. वाङ्मयप्रकारांची लक्षणे वर्गात शिकवताना आपण ती तत्त्वे म्हणून सांगतो. त्यांतील किती कधी काळी कुणाच्या हाती लागलेल्या साधनांच्या निव्वळ अडचणी होत्या, हेही विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हवे.