पहिली फटफटी

पाडव्याच्या दिवशी आमच्या गावात जिकडे पाहावे तिकडे नवी वाहने. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली चिरडलेले लिंबू, आणि शेजारी पेढ्यांचा पुडा घेऊन उभे असलेले अख्खे घर. गेल्या वर्षी अशी एक गाडी माझ्या धाकट्या बहिणीच्या दारात यायची होती, आणि तिच्यावरून घरात आठ दिवस अबोला होता. भाच्याला अठरावे सरले होते, लायसन हातात पडले होते, आणि त्याला शर्यतीच्या घाटाची, पुढे वाकून चालवायची मोटारसायकल हवी होती. तीही पावणेचारशे सीसीची. दाजींचे म्हणणे, शंभर सीसीची घे, एका लिटरात सत्तर किलोमीटर जाते. दोघांच्या मध्ये बहीण. तिने मला बोलावून घेतले. म्हणाली, "दादा, तू मास्तर आहेस. तुझं तरी ऐकेल."

मी चित्रकलेचा मास्तर. यंत्रशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की गेली वीस-बावीस वर्षे मुलांच्या वह्यांतून मी फटफट्या तपासत आलो आहे. 'माझे आवडते वाहन' हा विषय दिला की वर्गातली निम्मी मुले मोटारसायकल काढतात. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या चित्रांतली बैठक पाटासारखी सपाट असे आणि माणूस तिच्यावर ताठ बसे. पुढे बैठकीची शेपटी वर चढत गेली, हँडल खाली गेले आणि माणूस वाकत वाकत टाकीवर पालथा झाला. कंपन्यांच्या पत्रकांवरून इतिहास लिहिणाऱ्यांनी लिहावा. मला तो ह्या वह्यांतून कळला. मात्र बहिणीचा निरोप आल्यावर मी थोडे वाचले, जुन्या माणसांना विचारले, आणि एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडच्या तरुणाने आपली पहिली फटफटी फारशी कधी निवडलीच नव्हती. ती त्याच्यासाठी दुसऱ्यांनीच निवडलेली असे.

साठीच्या दशकात निवडायला होते तरी काय? मद्रासची बुलेट, म्हैसूरला 1961 पासून तयार होऊ लागलेली जावा, आणि पोलिश नमुन्यावर बेतलेली राजदूत. जावाची एक गंमत जुने लोक अजून सांगतात. तिची किक आणि तिचा गिअर एकाच दांडीचा. किक मारून झाली की तीच दांडी पुढे फिरवायची आणि गिअर टाकायचा. सभ्य संसारी माणूस मात्र स्कूटरकडे पाहत असे. 1972 साली बजाजची चेतक आली आणि तिच्यासाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहू लागले. मुलीच्या लग्नात द्यायची म्हणून तिच्या लहानपणीच स्कूटरचा नंबर लावून ठेवणारे बाप आमच्या आळीत होते, असे माझी आजी सांगे. ह्या गोष्टीला तिने थोडे मीठमसाला लावलेला असेल, फार नव्हे. अशा दिवसांत 'नवशिक्याला कोणती गाडी योग्य?' हा प्रश्न पडायला सवडच नव्हती. मिळेल ती योग्य.

मग ऐंशीचे दशक उजाडले. दुचाकींच्या धंद्यात परदेशी भागीदारीला सरकारने वाट मोकळी केली, पण शंभर सीसीपर्यंतच! बघता बघता जपानची चार घराणी आपल्या रस्त्यावर उतरली. 1984 ला इंड-सुझुकी, 1985 ला हीरो होंडाची सीडी-100 आणि यामाहाची आरएक्स-100, 1986 ला बजाज-कावासाकीची केबी-100. दिल्लीतल्या कुणा अधिकाऱ्याच्या मनात नवशिक्यांचा विचार नसेल, पण त्याच्या त्या एका आकड्याने एक अख्खी पिढी हलक्या गाडीवर शिकली. आरएक्सची शक्ती अकरा अश्वशक्तीची आणि वजन शंभर किलोच्या आसपास. घसरली तर पोराला एकट्याने उचलता येई. दहा वर्षांत, 1996 साली ती बंद झाली, तरी तिच्या सायलेन्सरचा आवाज काढून दाखवणारे पालक मला आजही शाळेच्या पालकसभेत भेटतात.

हे सारे आमच्या दारात घडत होते. तेव्हाच्या औरंगाबादेजवळ, वाळूजला, बजाजच्या कारखान्याची कोनशिला जानेवारी 1984 मध्ये बसली आणि नोव्हेंबर 1985 मध्ये राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटन झाले. नगर रस्त्याला जिथे जवारीची राने होती तिथे पाळीच्या बसगाड्या धावू लागल्या, बजाजनगर वसले, आणि खेड्यांतून आलेली पोरे पगाराच्या पहिल्या वर्षातच हप्त्यावर गाडी घेऊ लागली. आमचे दाजीही त्याच पट्ट्यातले. त्यांनी चार हात फिरून आलेली एक केबी-100 घेतली होती. बहिणीला पाहायला ते तिच्यावर बसून आले होते आणि घरी परतताना ती सुरूच होईना. मीच धक्का मारला होता.

ह्या शहाण्या शंभर सीसींच्या काळात एक वेडी गाडी होऊन गेली. 1983 साली आलेली राजदूत-यामाहा आरडी-350. दोन सिलिंडर, तीसच्या आसपास अश्वशक्ती, आणि पुढच्या चाकाला आपला साधा ड्रम ब्रेक. पळायला जपानी आणि थांबायला देशी, असे तिचे रूप होते. पेट्रोल इतके खाई की सामान्य माणसाने तिला दुरूनच नमस्कार केला, आणि सात-आठ वर्षांत ती गेली. तिच्या नावातल्या दोन इंग्रजी अक्षरांचा तरुणांनी 'झटपट मरण' असा अर्थ लावला होता. तो विनोद होता खरा, पण हसणारे जरा जपून हसत.

परदेशांत हे काम कायद्याने केले. ब्रिटनमध्ये साठीच्या दशकाच्या आरंभीच शिकाऊ स्वारासाठी 250 सीसीची मर्यादा घातली गेली. कंपन्या कुठल्या गप्प बसतात! त्यांनी 250 सीसीतच इतका जोर भरला की 1978 ची सुझुकीची एक गाडी ताशी शंभर मैलांचा डौल मिरवू लागली. अखेर 1983 मध्ये सरकारने ती मर्यादा 125 वर आणली. युरोपात आज वयाप्रमाणे, अनुभवाप्रमाणे पायऱ्या आहेत. जपानात 400 सीसीवर वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे अठरा पुरी झालेल्या मुलाने गिअरच्या गाडीवर आठाचा आकडा काढून दाखवला की त्याच परवान्यावर तो दुसऱ्या दिवशी हजार सीसीच्या गाडीवरही बसू शकतो. आठाचा आकडा मीही काढला आहे. तेवढ्यावर मला हत्ती चालवायला दिला असता तरी कायद्याची हरकत नव्हती, असे वाटते.

नव्वदीच्या शेवटी शंभराचे कुंपण मोडले. 1999 ला हीरो होंडाची सीबीझेड आली, आणि नोव्हेंबर 2001 मध्ये बजाजची पल्सर, 150 आणि 180 सीसीची. फटफटी, मोटारसायकल, गाडी; मराठीत ही सारी बायकी नावे. तिला जाहिरातीत छातीठोकपणे पुरुष ठरवले गेले. माझ्या वर्गातल्या वह्या एका वर्षात बदलल्या. 2008 ला यामाहाची आर-15 आली. शर्यतीच्या गाडीसारखे पुरे कवच, पाण्याने थंड होणारे इंजिन, सहा गिअर. चाकणला तयार झालेली 200 सीसीची ड्यूक 2012 ला एक लाख सतरा हजारांत मिळाली, आणि पुढच्याच वर्षी 373 सीसीची, त्रेचाळीसच्या घरातल्या अश्वशक्तीची तिची थोरली बहीण आली. आरडी-350 पेक्षाही चांगली दहा-बारा घोड्यांनी जास्त, आणि हप्त्यावर.

इथे सीसीचा घोळ थोडा सोडवला पाहिजे, कारण घरोघरचे वाद ह्या एका शब्दावर चालतात. सीसी म्हणजे इंजिनाच्या पोटात मावणारी जागा, जोर नव्हे. जुन्या बुलेटचे पोट 350 सीसीचे, शक्ती अठरा अश्वशक्ती. आर-15 चे पोट त्याच्या निम्म्याहून लहान आणि शक्ती सतरा. बुलेट हा जोर सावकाश फिरून देते, लहान इंजिन भरभर फिरून. म्हणून नवशिक्याने पाहायचे ते असे, की गाडीचे वजन किती, घोडे किती, आणि ते कधी उधळतात. दीडशे सीसीचे शर्यती इंजिन खालच्या फेऱ्यांत गरीब असते; मूठ पिळून पिळून वर नेले तरच रंगात येते. हात चुकून थोडा पिळला गेला तर ती माफ करते. पावणेचारशेची करीलच असे नाही.

माझ्या कपाटात एका विद्यार्थ्याचे चित्र आहे. दौलताबादच्या घाटातले वळण, मागे किल्ल्याचा डोंगर, आणि वळणावर इतकी कललेली मोटारसायकल की स्वाराचा गुडघा रस्त्याला लागेल. चित्रात तोल इतका अचूक होता की मी त्याला दहापैकी दहा दिले होते. एकोणिसाव्या वर्षी त्याला घरच्यांनी मोठी गाडी घेऊन दिली. त्याआधी त्याने सायकलच चालवली होती. तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी, त्याच घाटात... आज तो एका पायाने लंगडतो. दुकान सांभाळतो, हसून बोलतो. भाच्याला घेऊन मी त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "सर, गाडीनं काही चूक नाही केली. मी विचार करेपर्यंत ती पुढं गेलेली असायची, एवढंच." भाचा काही बोलला नाही. परत येताना मात्र त्याने विचारले, "मामा, मग मी दाजी… म्हणजे बाबा म्हणतात तीच घेऊ का?"

आणि इथे, दाजींनी मला क्षमा करावी, मी भाच्याची बाजू घेतली. शंभर सीसीची साधी गाडी पोट भरण्यासाठी उत्तम, पण पुष्कळदा तिचे टायर अरुंद आणि ब्रेक ड्रमचे. लहान शर्यती गाडीची चौकट घट्ट असते, टायर रुंद, ब्रेक डिस्कचे. आणि एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला चाक न अडकू देणारी ब्रेकची योजना सक्तीची झाली आहे. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबणाऱ्या पोराला ह्याहून मोठी मदत नाही. वाईट हौस नव्हती, माप चुकले होते.

मग आम्ही चार दिवस जालना रोडवरची दुकाने पालथी घातली. विक्रेते वेगाचे सांगत. मी भाच्याला गाडीवर बसवून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते पाहत असे. मग गाडी बंद ठेवून, उतारावरून मागे ढकलायला लावी. मोठ्या गाडीशी तो दुसऱ्याच ढकलीला घामाघूम झाला. तिसरी परीक्षा मनगटांची. वाकून बसले की अंगाचा भार हातांवर येतो, आणि गुलमंडीच्या गर्दीत अर्धा तास क्लच दाबत गेले की शर्यतीचा सोस मनगटातून उतरू लागतो. शिवाय ह्या गाड्यांचे हँडल फारसे वळत नाही. आमच्या गल्लीतून तिला फिरवून काढायची तर तीनदा मागेपुढे करावे लागे. आणखी एक, कवचाचे. ते प्लास्टिकचे असते, आणि नवशिका गाडी पाडतोच. नुसती उभ्या उभ्या पडली तरी हजारांचा भुर्दंड. म्हणून मी म्हटले, पहिली गाडी दुसऱ्याने आधीच पाडलेली घ्यावी.

तशी मिळाली. एमएच-20 ची, दीडशे सीसीची, डाव्या अंगाला ओरखडे, 2019 नंतरची. वाचलेल्या पैशांतून आयएसआय छापाचे हेल्मेट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट आले. भाचा बुटांवर जरा रुसला.

पाडव्याला पूजा झाली आणि सकाळी लवकर आम्ही आमखास मैदानावर गेलो. फटाके अजून सुरू व्हायचे होते. तिथे मी खडूने एक मोठा आठ काढला. चित्रकलेचा तेवढाच उपयोग. पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीत, माणूस चालतो त्या चालीने जाताना, त्याने पुढचा ब्रेक दाबला आणि हँडल वळलेले असतानाच गाडी आडवी झाली. ओरखड्यांवर ओरखडा. त्याने इकडे तिकडे पाहिले, गुडघे झटकले, आणि मला पुढे येऊ न देता गाडी स्वतः उचलली.

दाजी इतका वेळ हाताची घडी घालून कडेला उभे होते. ते हळूच पुढे आले, म्हणाले, "थांब जरा, बघू." हेल्मेट चढवले, पाय पलीकडे टाकला, पुढे वाकताना कंबरेला हात लावून एकदा कण्हले, आणि माझ्या खडूच्या रेघेवरून एक आठ काढला, मग दुसरा, मग तिसरा. भाचा आणि मी चिवड्याचा डबा उघडून बसलो.