बहुजनुकीय जोखीम-गुणांक

व्यक्तीच्या जीनोममधील हजारो, कधी लाखो सूक्ष्म फरकांना रोगाशी असलेल्या संबंधानुसार वजन देऊन केलेली बेरीज म्हणजे बहुजनुकीय जोखीम-गुणांक. हृदयविकार, मधुमेह, स्तनांचा कर्करोग यांसारख्या, एका जनुकावर अवलंबून नसणाऱ्या रोगांचा धोका आधीच ओळखण्यासाठी तो काढतात. त्याची विश्वासार्हता मात्र तो कोणाच्या माहितीवरून बेतला यावर ठरते. ॲलिशिया मार्टिन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले, की अशा अभ्यासांतील सुमारे ७९ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते. जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा जेमतेम १६ टक्के. त्यामुळे युरोपीयांबाबत भाकिताची अचूकता दक्षिण आशियाईंपेक्षा सुमारे १.६ पट, पूर्व आशियाईंपेक्षा दुप्पट आणि आफ्रिकी वंशीयांपेक्षा साडेचार पट आढळली.

माणसाचे शरीर सगळीकडे सारखेच चालते, मग गुणांक का बदलावा, असा आक्षेप घेतला जातो. रोगाला कारण होणारे फरक बहुतांशी समान असतात हे खरेच. पण अभ्यासाच्या हाती लागतो तो बहुधा कारणाशेजारचा खुणेचा फरक, आणि ही खूण व कारण किती वेळा एकत्र वारशाने येतात हे त्या लोकसमूहाच्या इतिहासावर अवलंबून असते. शिवाय काही फरक एखाद्या भूभागातच आढळतात. हृदयस्नायूशी निगडित एमवायबीपीसी३ या जनुकातील २५ अक्षरांची गळती दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत आहे. युरोपीय नमुन्यात ती शोधून सापडणार नाही. एकाच वंशाच्या नमुन्यावर विसंबण्याची चूक एकेका जनुकाच्या चाचणीतही घडली आहे. हृदयस्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक विकारास कारणीभूत मानलेले काही फरक निरोगी कृष्णवर्णीय अमेरिकनांत सर्रास आढळतात, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले. तोवर काही रुग्णांना चुकीचे अहवाल मिळाले होते. मूळ अभ्यासांत थोडे कृष्णवर्णीय निरोगी लोक घेतले असते, तरी हे टळू शकले असते. हा दोष माफ करण्याजोगा नाही.

नव्या सांख्यिकी पद्धती अनेक समूहांची माहिती एकत्र करून ही उणीव भरून काढतील, असेही म्हटले जाते. त्यांचा उपयोग निश्चित होतो, पण जे मोजलेच नाही ते गणिताने निर्माण होत नाही. उलट, युरोपीय गुणांक सरसकट टाकाऊ ठरवणेही चूक. पहिल्या प्रकारचा मधुमेह ओळखणारा असा गुणांक पुण्यातील रुग्णांवर तपासला, तेव्हा तो थोडाच कमी उतरला. कारण या रोगात प्रतिकारशक्तीच्या मोजक्या जनुकांचा प्रभाव फार मोठा असतो. प्रत्येक गुणांक ज्याच्या त्याच्या समूहात पडताळला पाहिजे, आणि समूह म्हणजे ‘दक्षिण आशियाई’ अशी एकच मोट नव्हे: मूळ नमुन्यापासूनचे आनुवंशिक अंतर वाढेल तशी अचूकता व्यक्तीगणिक घसरते, आणि पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने होणाऱ्या भारतात समाजासमाजांतले फरक ठळक आहेत.

जीनोम इंडिया प्रकल्पाने ८३ समाजांतील सुमारे १०,००० व्यक्तींचे जीनोम वाचले व ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली. कोणता फरक कोठे किती आढळतो, हे त्यातून कळते. तो असणाऱ्यांपैकी पुढे आजारी कोण पडले, हे कळत नाही. ब्रिटनच्या यूके बायोबँकेचे बळ तिच्या ५ लाख सहभागींच्या वर्षानुवर्षांच्या आरोग्यनोंदींत आहे. तशा नोंदी जोडल्या जाईपर्यंत भारतीय रुग्णाचा उपचार एकट्या गुणांकावर ठरवू नये.